गेंड्या आणि सोंड्या : आपल्या भाटातले दोन भुंगे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहात सभासद व त्यांच्या कुटुंबीयांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल कीर्तन, उद्या नाट्यप्रवेश आणि मध्येच आज भुंग्यांवर व्याख्यान, ही कार्यक्रमपत्रिका पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा निवृत्त शेतकी अधिकारी ‘शेती आणि समाज’ अशा एखाद्या भारदस्त विषयावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी भुंगे सांगितले. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मगच छापायला दिले.

कारण साधे आहे. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्त्या देणग्यांवर चालतात त्याहून अधिक नारळांवर चालतात. ज्या पूर्वजांनी हे भाट संस्थेला दिले त्यांनी रोख रक्कम दिली असती तर ती केव्हाच आटली असती. माड दिले म्हणून पन्नास वर्षे मुलांच्या फिया भरल्या गेल्या. त्या भाटातले नऊ माड गेल्या चार वर्षांत गेले. जुने, वाकलेले माड गेले असते तर मी बोललोही नसतो. हे आठ ते पंधरा वर्षांचे, नुकते धरू लागलेले. त्यांतले काही सभासदांनी आपल्या आईवडिलांच्या नावाने लावलेले होते. कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात नवांपुढेही एकच शेरा आहे : “गेंड्या लागला.” आणि ठराव आहे : “गेंड्याचे औषध आणावे.”

मी ती नऊही खोडे पाहिली. त्यांतल्या सात खोडांच्या आत नारळाच्या काथ्याने विणल्यासारखे, बोटाएवढे लांबट कोश सापडले. तसला कोश गेंड्या कधी करीत नाही. तो दुसऱ्याच भुंग्याचा. त्याचे नाव इतिवृत्तात कोठेही नाही. चोरी एकाने करावी आणि नाव दुसऱ्याचे लागावे, असा हा प्रकार आहे. निदान अर्धा तरी. अर्धा का म्हणतो ते पुढे येईलच.

भुंग्यांचे कुळ मोठे आहे. पुढचे दोन पंख कठीण होऊन त्यांचे पाठीवर झाकण झाले आहे, अशा कीटकांच्या साडेतीन लाखांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदल्या आहेत. त्यांतल्या दोघांशी आज आपले काम.

पहिला गेंड्या. तो सर्वांच्या ओळखीचा. पावसाळ्यात रात्री दिव्यावर येऊन भिंतीला थडकतो आणि उताणा पडून पाय झाडीत राहतो, तोच. काळा कुळकुळीत, चार ते पाच सेंटिमीटर लांब, डोक्यावर मागे वळलेले शिंग. नराचे शिंग मोठे; मादीचे आखूड, आणि तिच्या शेपटाकडे तांबूस केसांचा झुबका. लिनियसने १७५८ साली त्याचे नामकरण केले तेव्हा त्यालाही गेंडाच आठवला. त्याचे शास्त्रीय नाव ओरिक्टिस ऱ्हिनोसेरॉस.

दुसरा सोंड्या. हा तांबूस तपकिरी, तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, अंगाने सडपातळ, आणि तोंडापुढे लांब बाकदार सोंड. नराच्या सोंडेवर वरच्या बाजूला केसांची बारीक मिशी असते. मादीची सोंड गुळगुळीत. तांदळातला टोका तुम्ही पाहिला असेल, त्याचाच हा थोरला भाऊबंद समजा. ऱ्हिंकोफोरस फेरुजिनियस हे त्याचे नाव. हिंदुस्थानात नारळाचा शत्रू म्हणून मॅक्सवेल-लेफ्रॉय या कीटकशास्त्रज्ञाने १९०६ साली त्याची नोंद केली. म्हणजे सरकारदप्तरी तो शंभर वर्षांहून जुना गुन्हेगार आहे, तरी आपल्या इतिवृत्तात अजून यायचाच आहे.

आता त्यांची कामे पाहू. गेंड्या रात्री माडाच्या शेंड्यावर उतरतो. झावळीच्या देठाच्या बगलेतून भोक पाडून तो आत शिरतो, आणि जी झावळी अजून उमललेली नाही, सुईसारखी मिटून उभी आहे, ती कुरतडून तिचा रस पितो. चघळलेला चोथा भोकातून बाहेर ढकललेला दिसतो. झावळी पुढे उमलते तेव्हा तिच्यावर कात्रीने कापल्यासारखे नेमके, दोन्ही बाजूंना सारखे त्रिकोण दिसतात. ही काही त्याची कलाकुसर नव्हे. दिवाळीत मुले आकाशकंदिलाला कागदाची घडी घालून कात्री मारतात आणि उलगडल्यावर नक्षी निघते, तसेच हे. त्याने घडीत एकच भोक पाडले, उलगडल्यावर दहा दिसली. म्हणून त्याचे नुकसान असते त्याहून भयंकर दिसते. धरत्या माडाला महिन्याला साधारण एक झावळी फुटते. एखादी कातरली गेली तर उत्पन्न घटते, पोय आतल्या आत कुरतडली तर तो घडही जातो. पण मोठा माड एवढ्याने मरत नाही. नव्याने लावलेल्या रोपाची गोष्ट वेगळी. तिथे गेंड्या थेट कोंबापर्यंत पोचतो आणि रोप संपते. तेव्हा त्याला मी निर्दोष सोडीत नाही.

पण गंमत पाहा. हा गेंड्या प्रौढपणीच माडाला त्रास देतो. त्याचे बाळपण अगदी सात्त्विक. पांढरी, जाडजूड, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली त्याची अळी, जिला आपण हुमणी म्हणून ओळखतो तिच्या जातकुळीतली, शेणखताच्या गायरीत, कुजक्या पालापाचोळ्यात, पडून सडलेल्या माडाच्या खोडात राहते. जिवंत माडाला ती तोंडही लावीत नाही. अंडे दहाएक दिवसांत फुटते, अळी तीन ते पाच महिने खाऊन अंगठ्याहून जाड होते, मग तीनएक आठवडे कोशावस्था, आणि बाहेर येतो तो शिंगवाला. पुढे काही महिने तो जगतो आणि रोज रात्री आपल्या शेंड्यांवर जेवायला जातो.

सोंड्याचे सगळे नेमके उलटे. त्याच्या प्रौढ भुंग्याने माडाचे म्हणण्यासारखे काही बिघडत नाही. मादी फक्त जखम शोधते. ताज्या जखमेच्या, आंबत चाललेल्या रसाच्या वासावर ती लांबून येते. सुरेच्या मडक्यात बुडून मेलेले सोंडे पुष्कळांनी पाहिले असतील. त्या जखमेत सोंडेने भोके पाडून ती दोनअडीचशे अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळ्या निघतात. त्यांना पाय नाहीत, पण जबडे असे की माडाच्या मऊ गाभ्यात त्या बोगदे खणीत जातात. एक ते तीन महिने हे चालते. मग त्या काथ्याचा कोश विणून आत निजतात. पुढची पिढीही त्याच माडात वाढते. बाहेरून माड हिरवागार, घड लागलेले, आणि आत पोकळ. एक दिवस मधल्या झावळ्या पिवळ्या पडतात, शेंडा वाकतो आणि वाऱ्याने खाली येतो. तेव्हा आपण भुंगा शोधायला वर चढतो. हाती लागतो बहुधा गेंड्या, आणि तोच फाशी जातो.

एकाचा बाप अपराधी आणि पोर निरपराध. दुसऱ्याचा बाप जवळजवळ निरपराध आणि पोर खुनी. ही एक गोष्ट ध्यानात आली की उपाय कोठे करायचा ते आपोआप कळते. गेंड्याचा बंदोबस्त माडावर कमी, गायरीत जास्त. सोंड्याचा बंदोबस्त जखमेपाशी.

जखमेबद्दल दोन शब्द अधिक बोलतो, कारण इथेच आपण सर्वांत बेफिकीर आहोत. आंब्याची फांदी तोडली तर वर्षा-दोन वर्षांत साल चहूकडून वाढून जखम झाकते. माडाला तशी सालच नाही. त्याच्या खोडावर केलेली जखम जन्मभर राहते. चाळीस वर्षांपूर्वी चढण्यासाठी पाडलेल्या खाचा आजही जशाच्या तशा दिसतात, त्या यामुळेच. शिवाय आंब्याला शंभर अंकुर, माडाला शेंड्यात एकच कोंब; तो गेला की माड गेला. २०१६ साली आपल्या विधानसभेने कायद्यात दुरुस्ती करून माडाला वृक्षाच्या व्याख्येतून काढले आणि २०१७ मध्ये नव्या सरकारने त्याला पुन्हा वृक्ष ठरवून वर राज्यवृक्षाचा मान दिला. त्या वादात सोंड्याने कोणाचीच बाजू घेतली नाही. कायद्याने माड काहीही ठरो, शरीराने तो कोयत्याचा घाव न भरणारा प्राणी आहे, एवढे मात्र खरे.

आता हा आपला मंडप. वर पाहा. सुंदर झाला आहे, आणि बांधणाऱ्या तरुण मंडळींचे कौतुक व्हायलाच हवे. पण ह्या माटवासाठी ज्या हिरव्या झावळ्या आणल्या त्या आपल्याच भाटातल्या, आणि हाताला लागतील म्हणून ठेंगण्या, म्हणजे तरुण माडांच्या. मी परवा फिरून पाहिले. वीसेक माडांच्या झावळ्या खोडाला लागून, अगदी मुळातून छाटल्या आहेत. सोंड्याच्या मादीला ह्याहून चांगले निमंत्रण नाही. हिरवी झावळी तोडायचीच झाली तर खोडापासून हात-दोन हात, म्हणजे मीटरभर देठ राखून तोडावी. त्या देठात अंडी पडली तरी अळ्यांना खोडापर्यंत पोचता येत नाही. देठ वाळतो आणि त्या मरतात. एवढा एकच नियम पाळला असता तर नवांतले काही माड आज उभे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. मंडपाला सुकून गळालेल्या झावळ्या विणूनही चालतात. आपले आजेपणजे तेच करीत.

आणि आता तो ‘अर्धा’ गुन्हा. जखमा आपण करतो तशा गेंड्याही करतो. त्याने शेंड्यात पाडलेले भोक सोंड्याला आयते मिळते. एकाने दार फोडायचे, दुसऱ्याने शिरून घर लुटायचे. म्हणून सोंड्या मारतो हे कळल्यावर गेंड्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. दोघांना वेगळे ओळखायचे ते वेगवेगळ्या जागी पकडण्यासाठी.

गेंड्या किती माजतो आणि कशाने माजतो हे जगाने महागात शिकून घेतले आहे. १९०९ साली सिंहलद्वीपातून रबराची रोपे सामोआ बेटांवर गेली, त्यांच्याबरोबर हा गेला. तिथून तो पॅसिफिकच्या बेटांवर पसरत राहिला. ज्या बेटांवर माडाशिवाय दुसरे उत्पन्न नाही तिथे ही केवढी आपत्ती ते आपण गोव्याचे लोक समजू शकतो. औषधे मारून थकले. शेवटी आलोइस ह्यूगर ह्या जर्मन शास्त्रज्ञाला १९६३ साली मलायात गेंड्याचा एक रोग सापडला. तो एका विषाणूचा होता आणि माणसाला, गुराला, माडाला त्याची बाधा नव्हती. १९६७ साली तो सामोआत सोडला. रोगी भुंगे मरण्यापूर्वी उडत राहतात, गायरीत जातात, आणि आपल्या विष्ठेतून रोग इतरांना देतात. म्हणजे औषध फवारणारा माणूसही तेच. माडांचे नुकसान पुष्कळ कमी झाले. आपल्याकडे लक्षद्वीपातल्या मिनिकॉय बेटावरही १९८० च्या दशकात हा प्रयोग झाला आणि यशस्वी ठरला.

पण २००७ साली ग्वाम बेटावर गेंड्याची जी जात आढळली ती त्या जुन्या विषाणूला दाद देईना. आणि २०१५ साली तिथे मोठे वादळ झाले, असंख्य माड पडले. पडलेल्या खोडांत गेंड्याच्या अळ्या कोट्यवधींनी वाढल्या आणि त्या वाढलेल्या भुंग्यांनी उभे माड खाल्ले. मेलेल्या माडांत पुन्हा अळ्या. हे चक्र ऐकताना मला आपल्या भाटाचा वायव्येचा कोपरा आठवतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेले, त्यात आपले माड पडले. खोडे ओढून कोपऱ्यात टाकली, “पुढेमागे साकवाला उपयोगी पडतील” म्हणून. साकव झाला नाही. खोडे तिथेच कुजली. पुढच्या वर्षी एका खोडाला पहारीने फोडले तर आतून ओंजळभर अळ्या निघाल्या. संस्थेने शिष्यवृत्त्या दिल्या त्याच काळात संस्थेच्याच जागेत गेंड्यांचे विनामूल्य वसतिगृहही चालले होते.

सोंड्याचा प्रवास तर आणखी लांबचा. तो आपल्या बाजूचा, दक्षिण आशियातला. १९८० च्या दशकात तो आखाती देशांत खजुराला लागला, पुढे इजिप्त, १९९० च्या दशकात स्पेन, मग इटली, फ्रान्स. शोभेच्या झाडांच्या व्यापारातून, रोपांच्या बुंध्यात लपून तो गेला. २०१७ साली रोमला त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आता तिकडे खोडाला यंत्र लावून आतल्या अळ्यांच्या चावण्याचा आवाज ऐकतात. ते वाचून मला हसू आले, कारण आमच्या लहानपणी म्हातारे पाडेली बुंध्याला कान लावून “ह्यात किडा आहे” असे सांगत. यंत्र निःसंशय अधिक अचूक असेल, पण कान फुकट आहे आणि जवळ आहे.

मग करायचे काय, तेवढे सांगतो. भगिनीवर्गाने विशेष ऐकावे, कारण कुळागराकडे रोज पाहणारे डोळे बहुधा त्यांचेच असतात.

गायरी दोन-तीन महिन्यांनी उपसून अळ्या वेचाव्यात. कोंबड्या मोकळ्या सोडल्या तर त्या हे काम आनंदाने करतात. हिरव्या बुरशीचे म्हणून एक जैविक औषध मिळते, मेटारायझियम. ते गायरीत मिसळले की अळ्यांवर बुरशी धरून त्या मरतात. पावसाळ्यात गेंड्याचा जोर असतो, तेव्हा पाडेली वर चढला की त्याच्याजवळ टोकाला आकडा असलेली सळई असावी आणि भोकातला भुंगा त्याने ओढून काढावा. ह्याचे त्याला दर भुंग्यामागे वेगळे पैसे द्यावेत; नारळांच्या हिशेबात ते काम त्याच्या गळ्यात घालू नये. आज पाडेली मिळणेच किती कठीण झाले आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. लहान माडांच्या आतल्या दोन-तीन बगलांत डांबराच्या तीन-चार गोळ्या ठेवून वर बारीक रेती घालावी, दीड महिन्याने पुन्हा. किंवा निंबोळी पेंड पाव किलो आणि तेवढीच रेती, वर्षातून तीन वेळा.

दोन्ही भुंग्यांचे नर आपल्या जातभाईंना बोलावणारा एक वास सोडतात. तो वास रसायनशाळेत ओळखून आता सापळ्यांत घालतात. दोघांचे वास वेगळे आहेत. गेंड्याची पुडी टांगून सोंड्या येणार नाही. मागच्या वर्षी दुकानदाराने आपल्याला “कोणतीही चालते” म्हणून एकच दिली होती. तसे होत नाही. आणि सापळा तरुण माडाला बांधू नये. बोलावलेले पाहुणे सगळेच सापळ्यात पडतात असे नाही, काही यजमानाच्याच घरी उतरतात.

सोंड्यासाठी डोळे, नाक आणि कान. खोडावर भोक, त्यातून गळणारा तपकिरी चिकट रस, बाहेर आलेला चघळलेला काथ्या, आंबूस वास, कान लावल्यास कुरकुर. ह्यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी कळवावे. लवकर कळले तर माड वाचतो. शेंडा वाकल्यावर वाचत नाही. कोणते औषध द्यायचे ते विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्यात एला येथील संशोधन संस्थेत विचारून घ्यावे. जुन्या वहीत लिहिलेले नाव घेऊन दुकानात जाऊ नये, कारण पूर्वी सर्रास वापरली जाणारी काही औषधे आता बंद झाली आहेत.

मेलेला माड मात्र उभा ठेवू नये. तो उभा चिरून, गाभा उघडा करून जाळावा. “बिचारा, वडिलांच्या नावाचा होता” म्हणून दोन माड वर्षभर तसेच ठेवले गेले. भावना मी समजतो. पण त्या दोन माडांतून शेकडो सोंडे बाहेर पडले असतील आणि ते कोणाच्या वडिलांच्या माडावर गेले ते कोणी सांगावे? गडग्यापलीकडे शेजाऱ्यांचे कुळागर आहे. भुंगा गडगा ओळखत नाही. शेजाऱ्यांशी वहाळाच्या पाण्यावरून आपला जुना तंटा आहे तो असो; भुंग्यापुरते तरी दोघांनी एका दिवशी गायऱ्या उपसल्या पाहिजेत. मी त्यांच्याकडे जाऊन आलो आहे. ते तयार आहेत.

विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. औषधासाठी जी रक्कम मंजूर झाली आहे तिच्यातून आधी वायव्येच्या कोपऱ्यातली खोडे चिरून जाळावीत, मग गायरीला सिमेंटचा बांध घालावा, आणि उरलेल्या पैशांतून सापळे घ्यावेत, दोन्ही प्रकारचे. इतिवृत्तातला शेराही दुरुस्त करून घ्यावा. सात माडांपुढे ‘सोंड्या’, दोघांपुढे ‘कारण अनिश्चित’.

महोत्सव संपेपर्यंत मंडप राहणार. त्यानंतर त्या वीस माडांच्या छाटलेल्या बगला रोज पाहाव्या लागतील, निदान तीन महिने. ती यादी मी चिटणीसांकडे दिली आहे. विहिरीजवळच्या दोन माडांवर चुन्याचा पट्टा ओढून ठेवला आहे, कारण त्यांतल्या एकातून रस गळतो आहे आणि दुसऱ्याबद्दल मला संशय आहे. उद्या सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, मी तिथे असेन. मुलांना जरूर आणावे. त्यांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. पायांत मात्र काहीतरी घालून यावे, त्या बाजूला खाजकुइली माजली आहे.